मावशींचा अग्रहक्क

मित्रांनो, मी एक जुने भागपत्र आहे. मोठी माणसे मला प्रेफरन्स शेअर म्हणतात. पुस्तकातले माझे नाव अग्रहक्क भाग. आज माझ्या अंगावर ‘रद्द’ असा शिक्का आहे, पण एके काळी एका बाईची सारी भिस्त माझ्यावर होती.

माझा जन्म बटणांच्या कारखान्याच्या कचेरीत झाला. नव्या यंत्रांसाठी कंपनीला भांडवल हवे होते. शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि त्यांच्या शेजारचे टेलरमास्तर एकाच दिवशी आले. मावशींची नजर अधू होत चालली होती. सुई सुटल्यावर पोटापाण्याचे काय, ही त्यांना काळजी.

कारकुनाने समजावले, “साध्या शेअरला सभेत मत असतं, पण नफा वाटताना त्याचा नंबर शेवटी. प्रेफरन्सला ठरलेल्या दराने आधी लाभांश मिळतो, मत मात्र सहसा नसतं. त्यातही असंचयी घेतलात तर दर जास्त, पण एखादं वर्ष कोरडं गेलं की गेलंच. संचयीला दर कमी, पण राहिलेलं साठत जातं आणि साध्या शेअरवाल्यांच्या आधी द्यावं लागतं. मुद्दल दोन्हींचं दहा वर्षांनी परत.”

“मला आपलं साठणारंच द्या,” मावशी म्हणाल्या.

मास्तर हसले. “मला जास्त दराचं!”

सुरुवातीला माझे फार लाड झाले. “हा माझा कमावता लेक,” असे म्हणत मावशी मला शेजारणींना दाखवत. मग कारखान्याला उतरती कळा लागली. सलग तीन वर्षे लाभांश आला नाही. मावशींचे शिवणकामही सुटले. त्यांनी मला पेटीच्या तळाशी ठेवले. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या नुसते झाकण लावून कामाला लागल्या.

चौथ्या वर्षी नफा झाला आणि सभेची नोटीस आली. साध्या भागांना लाभांश द्यावा, संचयी भागांची थकबाकी सोडून द्यावी, असा ठराव होता. मावशींना बारीक अक्षर दिसेना. मास्तरांनी खिडकीशी बसून माझी मागची बाजू शब्दन् शब्द वाचून दाखवली आणि मध्येच ते थांबले.

“मावशी, दोन वर्षं लाभांश चुकला तर प्रत्येक ठरावावर आपल्याला मत आहे!”

“मग तुमचेही पैसे मिळतील?”

“नाही. माझं साठत नाही. पण मत आहे ना, चला.”

सभेत कारकून म्हणाला, “मावशी, तुम्हाला नुसतं बसता येईल.”

मावशींनी मला अध्यक्षांपुढे ठेवले. “नजर माझी गेलीय, तुमची नाही. वाचा.”

अध्यक्षांनी वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. मग मतदान झाले. विरोधात पहिला हात टेलरमास्तरांचा वर गेला. पाठोपाठ कितीतरी हात उठले आणि ठराव पडला.

तीन वर्षांचा लाभांश हाती येताच मावशी मास्तरांकडे गेल्या. “यातले निम्मे तुमचे.”

“छे हो,” मास्तर म्हणाले. “मी माझ्या धडधाकट डोळ्यांनीच निवडलं होतं.”

पुढे मुदत भरली, मुद्दल परत मिळाले आणि मी कचेरीच्या कपाटात आलो. मित्रांनो, माझ्यासारखे कागद वाळवीपासून जपाच. पण त्याआधी ते नीट वाचा. आणि शेजारी कुणाला दिसत नसेल, तर जवळ बसून वाचून दाखवा.