मंगळवारचा ब्रेक, गुरुवारचा ब्रेक

तुम्ही खोटं लिहिलंत. तुमच्या गाडी-तपासणी केंद्राच्या कागदावर आहे, 'मागचे ब्रेक व हँडब्रेक असुरक्षित. काम अपात्र व्यक्तीने केलेले.' ती अपात्र व्यक्ती मी. प्रल्हाद. वय त्रेपन्न. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाना धरायला शिकलो आणि गेली तेवीस वर्षं इथे, दुबईजवळ, उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचंच काम केलं. गाडीखाली वाकून बघायला तुमच्या माणसाला एक मिनिट लागलं असतं. तो वाकला नाही.

गाडी कुठली, तेही विचारलं नाहीत. मीच सांगतो.

दुबईत नोकरी करणारे चारुदत्त सर आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी अस्मी. दोघांनी दीड वर्षं खपून, किटमधल्या सुट्या भागांतून दोन माणसांची पिवळी गाडी उभी केली. इंजिन दणकट टाकलं, पण मागे जुने ड्रम ब्रेक. थांबायला रस्ता पुरेना. म्हणून मागे डिस्क बसवायच्या, हँडब्रेकसकट, असं ठरलं आणि गाडी माझ्याकडे आली.

"प्रल्हादराव, यूट्यूबवर तर तीन तासांचं काम दाखवतात," सर म्हणाले.

"मग यूट्यूबकडूनच करून घ्यायचं की."

अस्मी खो-खो हसली. "डॅड, ही गॉट यू!"

पोरगी हातमोजे घालून कामाला भिडली. थोड्या वेळाने वैतागली. "अंकल, पिस्टन आत जातच नाहीये. इट्स स्टक."

"ढकलू नको गं. पुढच्या चाकाचा ढकलून जातो. ह्याच्या पोटात हँडब्रेकचा स्क्रू आहे. ह्याला दाबत दाबत फिरवायचं."

तिने फिरवलं. पिस्टन निमूट आत गेला.

त्यानंतर मी चूक केली. तुम्हाला ती सापडली नाही, कारण तुमच्याकडे गाडी यायच्या आधी मलाच ती सापडली होती. ड्रमवर तीस वर्षं गेली की हाताला खोड लागते. हँडब्रेक ढिला? ताण केबल. मी आधी केबलच ताणली. दांडा असा कडक लागला, की मी फुशारकीने म्हणालो, "खलास! घ्या सर."

गाडी रॅम्पवर चढवली. सरांनी दांडा ओढला, पायातला ब्रेक सोडला आणि गाडी मागे निघाली. अस्मी किंचाळली. सरांनी पाय पुन्हा दाबला म्हणून निभावलं.

"अहो, दांडा तर टाइट आहे!"

"दांडा टाइट आहे, पॅड नाही. चूक माझी. उतरवा."

डिस्कला चिमटीत धरतो तो कॅलिपर. त्याच्यावर केबलचा छोटा लिव्हर असतो. केबल आधीच ताणली, की तो लिव्हर मागे येऊन टेकत नाही. तो टेकला नाही, तर आतला स्क्रू पॅडला डिस्कजवळ सरकवत नाही. हाताला लागतो तो नुसत्या केबलचा ताण. मी केबल पूर्ण सोडली, दोन्ही लिव्हर टेकलेत का ते बोटाने चाचपलं आणि अस्मीला सीटवर बसवून ब्रेक दाबायला लावला.

"किती वेळा?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

"अंकल, माय लेग!"

चाळीस वेळा दाबला. मग केबलचा फक्त झोल काढला. पुन्हा रॅम्प. दांडा पाच वेळा टकटकला आणि गाडी थांबली ती थांबलीच. सर आणि मी मागे लोंबकळलो, तरी हलेना. तेवढ्यावर सोडलं नाही. वीस मिनिटं पळवून डिस्क तापवल्या, परत चढावर लावली. तापलेली डिस्क निवताना आक्रसते, पकड सैल होते. अर्ध्या तासाने दांडा आणखी एक टक वर घेतला.

"पळून तापलेली गाडी चढावर लावलीस, तर निघून जायचं नाही. थोडं थांबून एक टक जास्त," मी अस्मीला म्हणालो. "हे सांग तुझ्या यूट्यूबला."

शेवटी प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. नट कोणी हलवला, तर रेघ तुटते.

मंगळवारी तुमच्या केंद्रावर रोलरवर चाकं फिरली. डावं-उजवं सारखं. तुमचाच माणूस "तमाम, हबीबी" म्हणाला, म्हणजे सगळं ठीक. मग खिडकीवर फॉर्म आला : काम कोणी केलं?

सर माझ्या कानाशी आले. "प्रल्हादराव, वाईट वाटून घेऊ नका. दुबईत अल क्वोजला मित्राचं गॅरेज आहे, त्याच्याकडे मान्यतेचा शिक्का आहे. नुसतं कागदापुरतं त्याचं नाव..."

मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. गाडी त्यांची होती.

"नो, डॅड. दॅट्स अ लाय," अस्मी म्हणाली आणि तिने माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

दहा मिनिटांत तुमचा कागद बाहेर आला. त्याची प्रत आमच्या वर्कशॉपलाही. आमचा मालक सुजीत खाली बघत म्हणाला, "प्रल्हाद, अब ब्रेक को हाथ नहीं. हवा देख, टायर देख. मेरा लायसन जाएगा."

गुरुवारी तीच गाडी अल क्वोजच्या शिक्क्यानिशी तुमच्याकडे परत आली आणि पास झाली. अस्मीने चाकांमागच्या नटांचे फोटो पाठवले. एकही रेघ तुटलेली नव्हती. मंगळवारी असुरक्षित, गुरुवारी सुरक्षित. मधल्या बुधवारी ब्रेकमध्ये काय बदललं?

"अंकल, आय ॲम सो सॉरी," पोरगी फोनवर रडवेली झाली होती.

"तू कशाला सॉरी? गाडी धरतेय ना?"

"धरतेय."

"मग झालं."

झालं नव्हतं. सुजाताने, माझ्या बायकोने, डबा भरता भरता बजावलं, "हात लावू नका म्हणालेत ना? मग नका लावू. व्हिसा मालकाच्या हातात आहे."

"आणि समोर दिसलं तर?"

"डोळे मिटायचे."

"ब्रेक कानांनी कळतो गं."

तिने डब्याचं झाकण जोरात दाबलं.

आज सकाळी सुमैय्या मॅडम आल्या. शाळेत शिकवतात, गाडीत मागे दोन मुलं. गेटातून वळतानाच मला ऐकू आलं. मागचं डावं चाक, लोखंडावर लोखंड.

"भैया, बस हवा देखना. बच्चों को देर हो रही है."

"मॅडम, ब्रेक खतम है."

"आप तो टायरवाले हो ना?"

"हाँ. टायरवाला हूँ. चाबी दीजिए."

चाक काढलं. पॅड उरलाच नव्हता. पॅडच्या पाठीच्या लोखंडी पत्र्याने डिस्कमध्ये नख बसेल एवढा चर पाडलाय. मॅडमनी वाकून बघितलं आणि मुलांना हाताला धरून सावलीत नेऊन बसवलं. केबिनच्या दारात सुजीत उभा आहे. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

नवी डिस्क आणि पॅड फळीवरून मीच काढून आणलेत. पावतीवर नावही माझंच घालणार आहे. तुमची हरकत असेल तर आत्ता बोला, माझ्याशी बोला. तुमचा नियम पाळून हे चाक जसं होतं तसंच परत लावू आणि त्या दोन मुलांना गाडीत बसवू? हो की नाही?