आत्याच्या वजनाची परीक्षा

सुतारकामाच्या पहिल्या वर्षाला प्रात्यक्षिक परीक्षेत स्टूल करावं लागे आणि त्या स्टुलावर आपला एक नातेवाईक बसवावा लागे. खिळा नाही, स्क्रू नाही, सरस तर अजिबात नाही. प्रत्येक पायाचं टोक तासून त्याचं कुसू काढायचं, बैठकीच्या फळीत चार आरपार खाचा पाडायच्या आणि कुसू खाचेत ठोकून बसवायचं. मग नातेवाइकाने त्यावर दहा मिनिटं बसायचं. उठला तर विद्यार्थी नापास, पडला तरी विद्यार्थीच नापास.

पूर्वी गुण्या सर स्वतः बसायचे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार; सर कायम काटकोनात चालायचे, म्हणून हे नाव. तीन बॅचमध्ये त्यांचा मणका तीन ठिकाणी सरकला, तेव्हा त्यांनी हे काम पालकांकडे सोपवलं. पालकांचा सहभाग वाढवल्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रकही मिळालं. पोरं आधी वर्षा-वर्षाची भाचरं आणायची, म्हणून दारात वजनकाटा आला. साठ किलोच्या खाली प्रवेश नाही. तेव्हापासून पोरं नावडते नातेवाईक आणू लागली.

पाचरला निवड करण्याचा त्रास नव्हता. तिला एकच नातेवाईक होती, आत्या. बाबा जहाजावर. ते वर्षातून दोनदा फोन करायचे आणि त्यातला एक चुकून लागलेला असायचा. ‘पाचर’ हे नावही आत्याचंच. ही माझ्या सुखात मारलेली पाचर आहे, असं ती आल्यागेल्याला पाणी देण्याआधी सांगायची. आत्या हाक मारत नसे, ताटावर चमचा आपटायची. एकदा आपटला की पाणी, दोनदा आपटला की गोळी, सतत आपटत राहिली की काही नको, नुसतं समोर येऊन उभं राहा. अशी आठ वर्षं झाली होती.

दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना हॉस्टेल मिळायचं. नापास झालेल्यांना घर.

म्हणून पाचरने वर्षभर जीव तोडून काम केलं आणि शेवटच्या आठवड्यात एकच चूक केली. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवायची असते, म्हणजे पात्याची जाडी टाकाऊ लाकडातून जाते. तिने चारही पायांवर ती दुसऱ्या बाजूने चालवली. कुसू पात्याच्या जाडीएवढ्याने बारीक झालं आणि आजोबांच्या तोंडातल्या शेवटच्या दातासारखं खाचेत डुलायला लागलं. दुसरं लाकूड मिळत नव्हतं. मग आत्या डॉक्टरकडे गेली असताना तिने दुधाच्या पातेल्यात सरस शिजवला, त्यात त्याच लाकडाचा भुसा कालवला, फटींत भरला आणि वरून कानस फिरवली. वाळल्यावर सांधा दगड झाला.

परीक्षेच्या दिवशी गुण्या सरांनी स्टूल उलटं केलं, सुलटं केलं, भिंग लावून चारही खाचा पाहिल्या.

‘‘फट कुठंय?’’

‘‘नाही सर.’’

‘‘तेच विचारतोय. नेहमी असते.’’ त्यांनी स्टूल खाली ठेवलं. ‘‘या मावशी, बसा.’’

आत्या काट्यावर साडेएकसष्ट भरली होती. ती स्टुलापाशी आली, पिशवीत हात घातला आणि गरम पाण्याची रबरी पिशवी काढली.

‘‘हे काय?’’ सर म्हणाले.

‘‘कंबर आहे मला. शेकाशिवाय टेकत नाही मी कुठे.’’

सरांनी नियमांचा कागद दोन्ही बाजूंनी वाचला. रबरी पिशवीविरुद्ध एक ओळ नव्हती. त्यांनी आत्याचं पिशवीसकट पुन्हा वजन केलं, त्रेसष्ट लिहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. ‘‘सुरू.’’

सरस उष्णतेने मऊ होतो, हे सरांनी दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. पाचरने त्याखाली लाल रेघही मारली होती. आता ती आत्यासमोर उभी राहून घामाघूम होत होती. पिशवी बैठकीवर पसरली होती, तिच्याखाली चारही कुसवं.

‘‘आत्या, पिशवी काढतेस का? गरम होईल तुला.’’

‘‘गरम व्हावं म्हणूनच आणलीय ना, बावळट.’’

चौथ्या मिनिटाला वास आला. ओल्या चपलेसारखा. आत्याने नाक वर केलं, इकडे-तिकडे हुंगलं आणि पाचरकडे पाहिलं. पाचव्या मिनिटाला स्टुलाचा मागचा डावा पाय तसूभर बाहेर सरकला. पडायला झालेल्या माणसाला जे ज्ञान होतं ते आत्याला झालं. तिने दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि अंगाचा भार मांड्यांवर घेतला. स्टूल आता तिच्याखाली नुसतं उभं होतं.

‘‘माझ्या दुधाच्या पातेल्यात शिजवलंस ना गं?’’ ओठ न हलवता ती म्हणाली.

‘‘हळू बोल.’’

‘‘तीन दिवस चहा पितेय मी त्यातला! ऐक. हॉस्टेलचा फॉर्म फाडायचा. माझ्यासमोर. नाहीतर आत्ता पूर्ण बसते.’’

पाचरने घड्याळ पाहिलं. साडेतीन मिनिटं उरली होती. मग तिने आत्याच्या मांड्या पाहिल्या. लुगड्याआडून त्या थरथरत होत्या, फ्रिज बंद होताना थरथरतो तशा. आणि पाचरला, आठ वर्षांत पहिल्यांदाच, आत्याच्या हातात काहीच नाही हे दिसलं. स्टुलावर जोर दिल्याशिवाय त्या कमरेने तिला उठता येत नव्हतं, आणि बसली तर आत्याच पडणार होती.

‘‘विचार करते,’’ पाचर म्हणाली.

‘‘विचार कसला करतेस? हो म्हण!’’

‘‘मोठा निर्णय आहे आत्या. घाईत नको.’’

‘‘कार्टे, पाय गेले माझे.’’

‘‘मावशी, काही त्रास?’’ सरांनी विचारलं.

‘‘छे!’’ आत्या दात खाऊन हसली. ‘‘मस्त आहे हो स्टूल.’’

‘‘तिचं माझ्यावर फार प्रेम आहे सर,’’ पाचर म्हणाली.

पुढच्या दोन मिनिटांत आत्याच्या कपाळावरचं पाणी नाकावरून हनुवटीवर आलं. पाचरकडे रुमाल होता. तो तिने खिशातच ठेवला. हो म्हणून नंतर फॉर्म भरता आला असता, फसवणूक तर आधीच झाली होती. पण तिला आत्याला वाट बघताना बघायचं होतं.

‘‘दहा!’’ सर म्हणाले आणि शाईने लिहिलं: उत्तीर्ण. ‘‘शाबास मावशी. आता आरामात बसा, चहा मागवतो.’’

आरामात हा शब्द आत्याच्या मांड्यांनी ऐकला. चारही पाय चार दिशांना गेले. आत्या सरळ खाली गेली आणि फरशीवर जो आवाज झाला तो लाकडाचा नव्हता.

सरांनी वहीतल्या शाईवर बोट फिरवून पाहिलं, ती वाळली होती. ‘‘दहा मिनिटं झाली होती,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘पुढचं अभ्यासक्रमात नाही.’’

खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी दवाखान्यात बाबांचा फोन आला, या खेपेस मुद्दाम केलेला.

‘‘पास झालीस म्हणे. छान. आता हॉस्टेलचं राहू दे. आत्याला चार महिने उठायचं नाही. तुझ्याशिवाय कोण आहे तिला?’’

‘‘बाबा, बाई ठेवता येईल ना?’’

‘‘परक्या बाईचा हात ती लावून घेईल का?’’ लाईन गेली, की बाबांनी ठेवला, ते कळलं नाही.

पाचर खोलीत आली. आत्या उशांवर रेलून बसली होती. चेहरा कधी नव्हे इतका टवटवीत.

‘‘चार महिने,’’ आत्या म्हणाली. ‘‘डॉक्टर म्हणाले, वयामुळे सहाही लागतील. मी म्हटलं, लागू देत.’’ तिने चादर नीट केली. ‘‘तू तिथे लांब का उभी? ये, जवळ ये. आधी ते भांडं घे खालचं. आणि तोंड नको फिरवूस, रोजचं आहे आता.’’