एवढं प्रकरण संपू दे

कोल्हापुरात माणसाला एक तरी नाद असावा लागतो. कुणाला तालमीचा, कुणाला म्हशीचा, कुणाला फुटबॉलचा. संयोगिताला पुस्तकांचा होता, आणि तो इतका, की तिचं लग्न राहून गेलं त्याचं खापरही नातेवाईक पुस्तकांवरच फोडत. बँकेतून निवृत्त झाल्यावर तर तिला रानच मोकळं मिळालं. राजारामपुरीतल्या वाचक मंडळात दर महिन्याला ती ‘नवं काय वाचलं’ या विषयावर बोलायची. एखादं आत्मकथन, एखादं माहितीचं पुस्तक, एक-दोन ताज्या कादंबऱ्या. तिनं चांगलं म्हटलं की लोक डोळे झाकून ते पुस्तक विकत घ्यायचे.

घरात ती आणि तिची आई बयाबाई, दोघीच. बयाबाईंचं आयुष्य हुपरीत गेलं होतं, घरच्या कारखान्यात चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडण्यात. वडील गेल्यावर संयोगितानं आईला इकडे आणलं. म्हातारी मोठी बोलकी. लसूण सोलता सोलता म्हणायची, “संयू, माजीबी गोष्ट हाय की गं. तुज्या पुस्तकातल्या बायांपरास काय कमी न्हाय. ऐकतीस काय?”

“ऐकते की आई. एवढं प्रकरण संपू दे.”

प्रकरण संपायचं, पुस्तकही संपायचं, आणि लगेच दुसरं उघडलं जायचं. आई कुठं पळून जाणार होती? परक्याच्या दुःखाला आज रडायचं आणि घरच्या माणसाचं उद्या ऐकायचं, ही खोड पुष्कळांना असते. संयोगिताला जरा जास्तच होती.

मग आई विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, “गोळ्या देतो, पण खरं औषध माणूसच. त्यांच्याशी बोलत राहा.” संयोगितानं ते मनावर घेतलं, पण आपल्या पद्धतीनं. रोज दुपारी आईजवळ खुर्ची ओढून ती मंडळात सांगायची पुस्तकं मोठ्यानं वाचू लागली. म्हणजे मंडळाची तयारीही व्हायची आणि आईला सोबतही. कोकणातल्या एका खलाशाच्या लेकीचं आत्मकथन झालं, डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपणं करणाऱ्या नर्सच्या आठवणी झाल्या, आटलेल्या नद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक झालं, बेकरी चालवणाऱ्या विधवेची कादंबरी झाली. आई मान डोलवत ऐकायची, मधेच “व्हय की!” म्हणायची. आईला या वयात वाचनाची गोडी लागली, असं संयोगिता मंडळात कौतुकानं सांगायची. डॉक्टरांनी बोलायला सांगितलं होतं आणि आपण वाचतोय, हे त्या शहाण्या बाईच्या ध्यानातच आलं नाही.

एकदा मंडळाचे चिटणीस धैर्यशील घरी आले. बयाबाईंनी त्यांना ओळखलं नाही, तरी “बसा पावणं, च्या घेऊन जावा” म्हणाल्या. चहा पिता पिता धैर्यशील म्हणाले, “मॅडम, छापलेलं पुष्कळ झालं. पुढच्या महिन्यात आईंनाच आणा की. हुपरीच्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आयुष्य कुठल्या पुस्तकात हाय हो?”

संयोगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे बाहेरच्या माणसाला सुचावं लागलं! दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं पुस्तकांचं कपाट बंद केलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आईचा हात हातात घेतला. “आई, तुझी गोष्ट सांगणार होतीस ना? सांग आता.”

आईचा चेहरा उजळला. “अगं, एकदा लई पाऊस हुता. डोंगरावर बाई अडलीती. मी कंदील घिऊन निघाले. वड्याला ह्ये एवढं पाणी! पर पोरगं झालं, आनि सगळी वाडी रडली.”

संयोगिताचे डोळे भरून आले. आईनं असं काही केलं होतं? आणि आपल्याला पत्ताही नाही!

“आनि माजा बा जहाजावर हुता,” आई पुढं म्हणाली. “घरी आला की त्येच्या सदऱ्याला मिठाचा वास यायचा.”

संयोगिताचा हात सैल झाला. आजोबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मिठाचा तो वास तिच्या ओळखीचा होता. खलाशाच्या लेकीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच येतो. कंदील नर्सचा होता. मग आईनं बेकरीतल्या भट्टीची धग सांगितली, आटलेल्या नदीत झरा खणला तेही सांगितलं. सगळं अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून.

“आई, पैंजणांचं सांग की. घुंगरं कशी जोडायचीस?”

“कसली घुंगरं?” आईनं विचारलं.

आईच्या आठवणींची घागर आपोआप रिकामी होत होती, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण तिच्यात दुसऱ्यांचं पाणी आपण भरलं. रोज, प्रेमानं, वाटीवाटीनं. संयोगिताला स्वतःची चीड आली, आणि ती चीड काढायला घरात दुसरं माणूस नव्हतं. तिनं हुपरीला चुलतभावाला फोन केला. काकूचं काय आठवतं, विचारलं. तो बिचारा बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, “काकू काम करायची की. लई काम करायची.” एवढंच.

धैर्यशीलना तिनं कार्यक्रम जमणार नाही म्हणून कळवलं. त्यानंतर दुपारी ती आईजवळ नुसतीच बसू लागली. सांगायला काही सुचायचं नाही. आईशी बोलायचं कसं, हे कुठं वाचलेलं नव्हतं.

अशाच एका दुपारी तिनं हळूच विचारलं, “आई, आणखी काय आठवतं गं?”

आईनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला. पोरगी वाचत बसलीया.”

“कोण पोरगी?”

“हाय एक. लई हुशार. तिला मधी हाक मारायची न्हाय, तिचं ध्यान मोडतंय. मी आपली लसूण सोलत बसती. तिचं प्रकरण संपलं की ती माज्याशी बोलनार हाय.”

सवयीनं संयोगिताची नजर कपाटाकडे गेली. हे कुठल्या पुस्तकातलं, ते मन शोधू लागलं. आत्मकथनं आठवून झाली, कादंबऱ्या आठवून झाल्या. हे कुठंच नव्हतं. आईचं म्हणून एवढंच उरलं होतं.

तिनं आईचे दोन्ही हात धरले. “संपलं आई. प्रकरण संपलं.”

“संपलं म्हनताय?” आईला केवढा आनंद झाला. सावरून बसत ती म्हणाली, “मग तिला हाक मारा की, बाई.”