पान दोनशे चौदा

दुसरा भाग बोलतोय मी. पहिला नाही, तिसरा नाही, मधला. जादूच्या राज्याची तीन पुस्तकांची कथा आहे, तिच्यातला. घाईत असाल तर मला ओलांडून पुढे जा, मी मनाला लावून घेणार नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पण मी लावून घेतो. चांगलंच लावून घेतो.

माझा जन्म आइसलँडचा. लिहिणारी एदिस. तिच्या पहिल्या भागानं नाव काढलं आणि प्रकाशक मागे लागला, की दुसरा नाताळच्या आत हवा. आमच्याकडे पुस्तकं खपतात ती नाताळातच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्या मांडीवर नवं पुस्तक नाही, त्याची लोक कीव करतात. पहिल्याला तिनं सात वर्षं दिली होती. मला दिले अकरा महिने.

माझ्यात खोट आहे, लपवत नाही. मध्ये साठ पानं माणसं नुसती बर्फातून चालतात, आणि कशासाठी निघालो होतो हे त्यांनाही आठवत नसावं. दोनशे पानं विष ओकणारी चेटकीण एका सकाळी अचानक शहाणी होते. शेवटची लढाई तर तीन पानांत उरकली, कारण छापखाना खोळंबला होता.

पण माझ्यात कोलबेन आहे. कथेची नायिका ऊना, तिला खाडीपार नेणारा नावाडी. त्याच्याकडे ना तलवार ना मंत्र. वाळलेल्या माशाला लोणी फासून खातो, वल्ह्यांना शिव्या घालतो, आणि भेदरलेल्या ऊनाला असं काही वेडंवाकडं विचारतो की तिला हसू फुटतं. पहिल्या भागात सगळे भाषणं ठोकतात. माणूस बोलला तो माझ्याच बावीस पानांत.

ते बोलणं एदिसनं कुठून आणलं, हे सांगायला ज्योतिषी नको. तिचा बाप हालमुंदुर, पश्चिमेकडच्या एका खाडीत चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस. शिव्यासुद्धा त्याच्याच.

मी त्याच्या घरी आलो टपालानं. पहिला भाग तिनं स्वतः आणून दिला होता, सही करून. माझ्या वेळी तिला सवड नव्हती. नाताळच्या पुस्तकांवर आमच्याकडे 'बदलून मिळेल' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. म्हाताऱ्यानं सगळ्यांत आधी ती नखानं खरवडून काढली. तेव्हाच मी त्याचा झालो.

आता पान दोनशे चौदा. आमच्याकडे आडनाव नसतं. नावापुढे बापाचं नाव आणि त्याला 'दोत्तिर', म्हणजे मुलगी. बाप ठाऊक नसेल, तर आईचं नाव. ऊनाचा बाप कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती आईच्या नावानं रोग्नुदोत्तिर. बाप कोण ते तिसऱ्या भागाच्या शेवटी कळायचं होतं. पण एदिसच्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून पक्कं बसलेलं. घाईघाईत हात वाहत गेला, आणि कोलबेन आपल्या वहीत उतारूंची नावं लिहितो तिथं तिनं लिहून टाकलं, ऊना स्कुगादोत्तिर. स्कुगी म्हणजे शत्रूचा राजा. एका शब्दात सगळ्या कथेचं पितळ उघडं.

तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटलं. हालमुंदुरच्या नजरेतून सुटलं नाही, पण त्याला वाटलं पोरीनं मुद्दाम लिहिलंय. नावाड्याला सगळं ठाऊक असतं, होडीत बसलेला माणूस कुणाचा आहे हे त्याला बसण्यावरूनच कळतं, असं तो कौतुकानं सांगायचा. सांगायचा कुठं, तर गावच्या तरणतलावाच्या गरम कुंडात. रोज सकाळी सगळं गाव तिथं गळ्याइतक्या पाण्यात बसून जगाचा न्यायनिवाडा करतं. मी काठावर पिशवीत.

तिथं निवृत्त शिक्षिका सोलरून होती. तिनं ओल्या हातानं ते पान उघडलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाली, "अरे हालमुंदुर, ही हुशारी नाही. पोरीनं गुपित सांडलंय."

आठवड्यात ते राजधानीत पोचलं. नाताळ सरल्यावर लोक माझ्या भावंडांना, म्हणजे माझ्याच बाकीच्या प्रतींना, बदलून घ्यायला दुकानात रांगेनं उभे राहिले. कुणी पाकशास्त्र घेतलं, कुणी पक्ष्यांवरचं पुस्तक.

मग रेडिओवर एदिसची मुलाखत लागली. म्हातारा कॉफी ओतत होता, मी टेबलावर. ती हसत म्हणाली, "दुसरा भाग फसलाच. नाही वाचलात तरी चालेल. त्या पुस्तकानं माझाच घात केला."

मी घात केला? ते नाव मी लिहिलं? अगं बाई, शाई तुझी, हात तुझा, घाई तुझी, आणि खापर फोडायचं माझ्या डोक्यावर. मी कागद. माझ्यावर जे टेकवशील ते मी धरून ठेवतो, एवढाच माझा गुन्हा.

म्हाताऱ्याची कॉफी कपाबाहेर गेली. रेडिओ बंद करून त्यानं मला फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बोलायच्या भरात बोलली रे." खरं म्हणजे तो स्वतःचीच समजूत घालत होता.

तिसरा भाग आला तो सुरुवातीलाच माझा गोषवारा घेऊन. अकरा ओळी. माझी बावीस पानं त्यात तीन शब्दांची झाली, 'ऊना खाडी ओलांडते.'

तेही सोसलं. पण या वसंतात एका रविवारी दुपारी एदिस गाडी घेऊन आली आणि नवा दुसरा भाग बापापुढे ठेवला. सुधारलेला. चेटकीण आता सावकाश शहाणी होते, लढाई चांगली तीस पानांची आहे. खोटं कशाला बोलू, ते माझ्यापेक्षा नेटकं आहे. सहीही केली होती तिनं, 'बाबांना, प्रेमानं.'

म्हाताऱ्यानं चष्मा लावला आणि नावाडी शोधायला लागला. मागे गेला, पुढे आला. मग एका पानावर थांबला.

"पूल बांधलास?" त्यानं विचारलं.

ऊना आता पुलावरून जाते. एदिस समजावू लागली, की नावाड्यापाशी कथा रेंगाळत होती, सगळे तेच म्हणत होते, आणि त्या चुकीच्या नावामुळे ते प्रकरण मुळासकट काढणंच बरं होतं. तो ऐकत राहिला. त्याच्या खाडीवर खरा पूल झाला त्या साली त्याची होडी किनाऱ्यावर ओढली होती. तेव्हा नऊ वर्षांची एदिस होडीला मिठी मारून रडली होती, आणि तिला उचलून घरी आणलं होतं ते यानंच.

त्यानं मला पुढे सरकवलं. "यावर सही राहिलीय तुझी."

"बाबा, त्यात चुका आहेत. ते आता बाजारातनंही काढून घेताहेत. ते ठेवू नका ना."

"चुका माझ्यातही आहेत, पोरी."

तिनं पेन हातात घेतलं. मला वाटलं, टेकवणार. तिनं ते खाली ठेवलं, त्याच्या गालावर ओठ टेकवले, आणि अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून निघाली.

वाचकहो, जुन्या पुस्तकांच्या ढिगात माझं एखादं भावंड सापडलं, तर एवढंच करा. साठ पानं खुशाल सोडा, लढाई सोडा, पण होडीत बसा. तिथं एक माणूस आहे, आणि त्याला बसायला दुसरी जागा उरलेली नाही.

गाडीचा आवाज विरल्यावर म्हाताऱ्यानं ते पेन उचललं. माझं पहिलं कोरं पान उघडलं, जिथं लिहिणाऱ्यानं सही करायची असते. एकेक अक्षर जोडत त्यानं लिहिलं, 'हालमुंदुर, नावाडी.' पुढे 'एदिसचा बाप' असं लिहील, म्हणून मी वाट बघत होतो. नाही लिहिलं.