चौदा घोंगड्यांची रांग

कमुना बुआरोन शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं राबली, आणि त्या एकोणतीस वर्षांत दरवर्षी वसंतात, वल्हांडणाचा सण उलटून सहा दिवस झाले की सकाळी दहा वाजता भोंगा वाजायचा आणि ती हातातला झारा खाली ठेवून उभी राहायची. सगळा देशच उभा राहायचा. रस्त्यावरच्या गाड्या थांबत, शेतात मिरच्या खुडणारी माणसं पाठ सरळ करत. भोंगा विरला की शाळेच्या पटांगणात सहा मशाली पेटत. एकेका मशालीपाशी गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस येई, आपल्या गावाचं नाव सांगे, महायुद्धात छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावं सांगे. गावं पोलंडची, हंगेरीची, कधी ग्रीसची. कमुना हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. डोळे पुसायची आणि मग मुलांची जेवणं वाढायला घ्यायची.

तिच्या गावाचं नाव कधी आलं नाही. तिनंही कधी म्हटलं नाही. तिच्यासारखी लिबियातल्या बेनगाझीहून आलेली चाळीसेक कुटुंबं त्या गावात होती. त्यांच्यातलं कुणीच म्हणत नसे. ते आपापसात, आपल्या सिनगॉगमध्ये, आपल्या मेलेल्यांसाठी दिवा लावत आणि घरी जात. परक्यापुढे दुखणं उघडं करायचं नाही, ही बेनगाझीची रीत.

सुरुवात झाली ती एका नकाशावरून. त्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यात एक भलामोठा नकाशा लावला, छळछावण्यांचा. प्रत्येक छावणीला एक काळा ठिपका. कमुनाचं ते नोकरीतलं शेवटचं वर्ष. दुपारी काम आटोपून ती नकाशापुढे उभी राहिली आणि वरून खाली बघत आली. अगदी खाली निळ्या समुद्राची एक पट्टी होती आणि तिच्याखाली लाकडी चौकट.

मागून मुंडेक मास्तर आले. मुंडेक श्पित्सर म्हणजे शाळेचे ग्रंथपाल, मूळचे पोलंडमधल्या लोद्झचे. ती सहा मशालींची सगळी उठाठेव तेच करत. हडकुळे, तिरसट, पण मुलांचे लाडके.

"मास्तर," कमुना म्हणाली, "तुमचा नकाशा खालून तोकडा पडलाय."

"खाली समुद्र आहे, कमुनाबाई."

"त्या समुद्राच्या पलीकडे आम्ही होतो."

मास्तरांना तिचं म्हणणं कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा पुसला. तुमच्याकडे हाल झाले असं ऐकून आहे, ते म्हणाले, नाही म्हणत नाही. पण हा दिवस वेगळ्या गोष्टीचा आहे. ते काही वाईट हेतूनं बोलले नव्हते, हे कमुनालाही समजत होतं. पण ती घरी गेली ती पाय ओढत. त्या रात्री जेवताना तिनं आपल्या दिराला, बखोरला, जे झालं ते सांगितलं. बखोर सिनगॉगचा कारभार बघायचा. दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे ती विधवा झाल्यापासून तो तिच्याकडेच जेवायला असे.

बखोर भडक माथ्याचा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यानं स्मरण-समितीला अर्ज लिहिला: आमचीही माणसं गेली, आमचीही नावं घ्या. महिन्याभरानं उत्तर आलं. मोठं अदबीचं उत्तर होतं. आपल्या भावनांचा आदर आहे, कृपया कागदपत्रं जोडावीत.

"कागद," बखोर म्हणाला. "वहिनी, जादोच्या छावणीतून तू येताना काय आणलंस?"

"उवा," कमुना म्हणाली.

अर्ज समितीकडून फिरत फिरत शेवटी मुंडेक मास्तरांच्याच टेबलावर आला, कारण गावच्या समितीचे चिटणीस तेच. एका संध्याकाळी वही घेऊन ते कमुनाच्या दारात उभे राहिले. तिनं त्यांना जेवायला आलेल्या बखोरशेजारी बसवलं, शेंगदाणे घातलेला दाट चहा पुढे ठेवला. मास्तर अवघडले होते. मला काही विचारायचं आहे, म्हणाले. तुम्हाला आठवतं तेवढंच सांगा.

कमुनानं थोडा विचार केला. मग उठून तिनं फडताळातून चमचे आणले आणि टेबलावर एका ओळीत मांडले. चौदा.

"आमच्या बराकीत भिंती नव्हत्या," ती म्हणाली. "माणसं साडेतीनशे. दोऱ्या बांधून त्यावर घोंगड्या टाकल्या होत्या. दोन घोंगड्यांमधे एक बिऱ्हाड. आमच्या रांगेला चौदा. दारापासून मोजायचं."

आणि तिनं पहिल्या चमच्यावर बोट ठेवलं. ही नाहूमांची घोंगडी. आजोबा, दोन मुलगे, सुना. आजोबा तापानं गेले, धाकटी सून बाळंतपणात गेली, बाळही. ही दुसरी, हज्जाजांची. बाप शिंपी, रात्रभर खोकायचा. ही तिसरी. ही चौथी. कोणाच्या घोंगडीला भोक होतं, कोणाच्या घोंगडीआडून रोज भांडण ऐकू यायचं, कोण अंधारात हलक्या आवाजात प्रार्थना म्हणायचं, सगळं ती सांगत गेली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. इटालियन शिपायांनी बेनगाझीहून ट्रकमध्ये पाच दिवस कोंबून त्यांना जादोच्या डोंगरात आणून टाकलं होतं. पन्नास वर्षांपूर्वीची ती रांग तिच्यापुढे जशीच्या तशी उभी होती. बखोर मधेच चहा विसरला. मास्तर भराभर लिहीत होते.

सातव्या चमच्याशी ती थांबली. "ही आमची."

आई, बाप, ती आणि चार वर्षांचा लालू. लालू जानेवारीत गेला. इंग्रज सैन्य आलं त्याच्या नऊ दिवस आधी.

"खायला काय देत?" मास्तरांनी विचारलं.

"पाव. पंजात मावेल एवढा. सुऱ्या काढून घेतल्या होत्या, म्हणून आई दोऱ्यानं कापायची. दोन्ही कडांची पाळी ठरलेली असे. कड कडक असते ना. ती जास्त वेळ चघळता येते."

मास्तरांचा पेन थांबला.  रोज जेवण झाल्यावर पावाची एक कड कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकायची त्यांची सवय होती. सगळ्या शाळेला ती दिसायची, मुलं मागे नकला करत. आणि गेली एकोणतीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांच्या ताटाशेजारी रोज एक कड ठेवलेली असायची.

"तुम्ही ती मुद्दाम ठेवायचात," मास्तर म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं बोललात, मास्तर?"

त्यावर मास्तरांनी वही मिटली. जाताना दारात ते म्हणाले की समितीचा नियम माझ्या हाती नाही. एका नावाला दोन साक्षीदार लागतील. पण साक्षीदार मिळाले, तर पुढचं मी बघतो.

मग सुरू झाले कमुनाचे मंगळवार. दर मंगळवारी ती आणि बखोर सकाळची बस पकडत आणि जिथं जिथं बेनगाझीची माणसं वसली होती तिथं जात; कधी किनाऱ्यावरच्या शहरात, कधी संत्र्याच्या बागांमधल्या खेड्यात. डब्यात माफ्रूम असायचं, बटाट्यात खिमा भरून तळलेलं, कारण परक्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. बखोर यादी वाचे, कमुना माणसांचे चेहरे बघे.

आणि एक गंमत झाली. गेले होते मेलेल्यांची नावं गोळा करायला, पण दर वेळी बोलणं वळे ते जिवंतपणाकडे. बेनगाझीतल्या मिठागरांवर उतरणारे गुलाबी पक्षी, शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या भट्टीवर जाणाऱ्या परातींची रांग, कोणाच्या बापानं लग्नात एवढी बोखा, म्हणजे अंजिराची दारू, पिऊन उंटाला मिठी मारली होती. म्हातारे हसून हसून खोकत. आणि मग त्याच दमात, आवाज न बदलता, सांगत: हो, तो शिंपी हज्जाज. मी पाहिलं त्याला नेताना. लिहा माझी सही.

कमुनाला वाटायचं, इतकी वर्षं आपण हे गाव एकटीनंच डोक्यात सांभाळत होतो. ते तर सगळ्यांकडे तुकड्यातुकड्यानं होतं.

रांगेतली तेवीस नावं तिनं सांगितली होती. उन्हाळा सरेपर्यंत दुसऱ्या रांगांतली, दुसऱ्या बराकींतली मिळून एकसष्ट झाली.

त्यातला एक मंगळवार मात्र निराळाच उगवला. समुद्रकाठच्या एका वस्तीत म्हाताऱ्यांच्या मंडळात दहाबारा जण जमले होते. बखोर खड्या आवाजात वाचत होता. "घोंगडी नववी. तुर्किया झिगदोन, वय वर्षं दहा."

ही तुर्किया कमुनाची जिवलग मैत्रीण. तिला फळीवर घालून नेताना कमुनानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लांब वेणी फळीखाली लोंबत होती. त्यानंतर ती परत आली नाही.

कोपऱ्यात एक लठ्ठ बाई चहासाठी शेंगदाणे सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मेली असती तर सुटली असती बिचारी. तीन सुना आहेत मला."

बखोर वाचायचा थांबला. कमुना खुर्चीतून उठली.

"तुर्किया?"

"तू कोण?"

"सातवी घोंगडी."

बाईच्या मांडीवरचे शेंगदाणे जमिनीवर सांडले. मग दोघी एकमेकींना धरून इतका वेळ उभ्या राहिल्या की शेवटी कुणीतरी खुर्च्या आणून त्यांना बसवलं. तुर्किया मेली नव्हती. फळीवरून तिला आजाऱ्यांच्या खोलीत नेलं, तिथून इंग्रजांनी त्रिपोलीच्या दवाखान्यात हलवलं. आईबाप गेलेले, म्हणून मावशीनं तिला आपल्याकडे ठेवून घेतलं. पुढे लग्न, जहाज, हा देश. तीही कमुनाला मेली समजून होती. चाळीसेक वर्षं दोघी दीड तासाच्या बसच्या अंतरावर राहत होत्या.

"तुझा तो धाकटा," तुर्किया डोळे पुसत म्हणाली, "त्याला र म्हणता यायचा नाही. मला तुल्किया म्हणायचा. तुल्किया, मला उचल."

 लालूचं नाव कमुनाकडे होतं, वय होतं, तो गेला तो दिवस होता. आवाज मात्र केव्हाच पुसला गेला होता, आणि तो आवाज आठवत नाही हेदेखील तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं तुर्कियाला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग आणखी एकदा.

परतीच्या बसमध्ये बखोर म्हणाला, "वहिनी, आता पंचाईत. एक नाव चुकलं म्हटल्यावर ते म्हणतील, सगळी यादीच म्हातारीच्या डोक्यातली."

कमुनालाही तीच धास्ती. बसस्टँडवरून ती थेट शाळेत गेली आणि मास्तरांपुढे उभी राहून खरं ते सांगून टाकलं. मास्तर ऐकता ऐकता हसायला लागले. त्यांना हसताना तिनं क्वचितच पाहिलं होतं.

"कमुनाबाई, मी चाळीस वर्षं याद्या करतोय," ते म्हणाले. "माझ्या यादीतलं कुणी कधी चहा प्यायला आलं नाही."

त्यांनी त्याच वेळी टाइपरायटर पुढे ओढला. समितीला पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं की नावं साठ आहेत. एक नाव कमी केलं आहे, कारण ती बाई जिवंत असून स्वतः बाकीच्यांची साक्षीदार आहे.

उत्तर हिवाळ्यात आलं. मशाल देता येणार नाही. मुलांचं गाणं आणि अखेरची प्रार्थना यांच्यामधे तीन मिनिटं मिळतील. बखोरनं कागद टेबलावर आपटला. आम्ही काय उरलंसुरलं खाणारे आहोत का, म्हणाला. जायचं नाही आपण. सिनगॉगमध्ये त्यावर दोन शनिवार वादावादी झाली. अर्धे म्हणत, अपमान आहे. अर्धे म्हणत, आज दार किलकिलं झालंय, उद्या उघडेल. शेवटी सगळ्यांनी कमुनाकडे बघितलं.

"मला तीन मिनिटं पुरत नाहीत," ती म्हणाली. "पण मी घेणार. एकदा वाचायला लागले की मग बघू."

त्या वर्षी स्मरणदिनाला वाळवंटाकडून तापलेला वारा सुटला होता. भोंगा वाजला तेव्हा कमुना पहिल्यांदाच खिडकीआड नव्हती, पटांगणात होती. तिच्या शेजारी तुर्किया, मागे बखोर आणि चाळीस कुटुंबांतली झाडून सगळी माणसं, ठेवणीतल्या कपड्यांत. मशाली पेटल्या. मुलं गायली. मास्तरांनी हातानं खूण केली.

कमुनानं वाचायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, वय, घोंगडी.  तिची रांग संपली की तुर्किया दुसरी वाचे, मग पुन्हा ती. तीन मिनिटं केव्हाच उलटली. समितीचा एक माणूस घड्याळ बघत पुढे आला, पण मास्तर माइकच्या वाटेत आडवे उभे होते, आणि ते हलले नाहीत.  लालूच्या नावाशी कमुना थांबली. लोकांना वाटलं, आता ही कोसळते. तिनं फक्त एक श्वास घेतला आणि वाचलं, "लालू, योसेफचा मुलगा, वय वर्षं चार. त्याला र म्हणता यायचा नाही."

हे कागदावर नव्हतं.

कार्यक्रम संपला. काही पोलिश म्हाताऱ्या येऊन तिचा हात दाबून गेल्या. एका मास्तरणीनं घोंगड्यांची रांग वर्गात सांगाल का, म्हणून विचारलं. मशाल काही त्या वर्षी मिळाली नाही. ती मिळायला आणखी तीन वर्षं लागली, आणि ती बखोरनं पेटवली. 

पण ते पुढचं. त्या दिवशी सगळं आटोपल्यावर कमुना तुर्कियाला बसपर्यंत पोचवायला निघाली. वारा पडला होता. दोघी सावलीसावलीनं चालत होत्या.

"तुमच्या बेनगाझीच्या घरातून समुद्र दिसायचा," तुर्किया म्हणाली. "मी हेवा करायचे."

"आमच्या? अगं, तुमच्या. आमचं दार तर भट्टीकडे."

"छे. भट्टीकडे आमचं. आईच्या ओढणीला सतत पावाचा वास यायचा."

"तो माझ्या आईच्या ओढणीला."

बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर थांबला. दोघींपैकी कुणीच माघार घेईना. शेवटी तुर्किया म्हणाली, जाऊ दे, पुढच्या मंगळवारी येते, तेव्हा नीट चित्र काढून दाखवते. आणि पायरीवर एक पाय ठेवून ती वळली, पुन्हा भांडायला.