श्रीपतच्या कोपराचं प्लॅस्टर

मला पाहून कुणालाही वाटेल, हा भिंतीचा पडलेला पोपडा. पण मित्रांनो, मी साचा आहे. जुना, एका कडेला टवका उडालेला, तरी अजून कामाचा. माझ्या पोटात बोटाएवढ्या माशाचा खळगा आहे. त्यातून निघालेल्या मऊ प्लॅस्टिकच्या माशाने पाताळगंगेच्या डोहातल्या थोराड मरळींना फसवले आहे. हे मी ऐटीत सांगतो, कारण ते ऐटीत सांगण्यासारखेच आहे.

माझा पहिला जन्म मात्र एका माणसाच्या हातावर झाला.

चौक गावापासून दोन कोसांवर, नदीकाठी श्रीपतचे घर होते. पाग टाकावा तर श्रीपतने. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. तो कमरेतून वळून पाग फेकी, तेव्हा तव्यावर घावन पसरावे तसा तो पाण्यावर पसरे. सन त्र्याहत्तरच्या थंडीत टेंपोतून गोणी उतरवताना श्रीपत घसरला आणि त्याचे उजवे कोपर मोडले. दवाखान्यात त्या हातावर ओले पांढरे प्लॅस्टर गुंडाळले. ते प्लॅस्टर म्हणजे मी. सहा आठवडे मी तो हात धरून ठेवला. झोपेत तो हात पाग फेकायला उसळायचा, ते फक्त मलाच ठाऊक आहे.

मला कापून काढले तेव्हा हाड जुळले होते, पण कोपर पुरते उघडेना. गंजल्या बिजागरीसारखे अर्ध्यावर अडे. पाग फेकायला अख्खा हात लागतो. श्रीपतने बापाच्या हातचा तो पाग खुंटीला टांगला आणि नदीकडे जाणे सोडले. नदीकडचे दारही तो लावून घेई.

फाल्गुनात वाडीवरचा कमळ्या आला, तेव्हा श्रीपत म्हणाला, "पाग तू ने रं. असाच कुजंल."

"आता नको, दादा. बुद्धपौर्णिमेला येतो," कमळ्या म्हणाला. "तवर हात सुधारला तर मी हात हलवीत जाईन."

श्रीपतची बायको ठकूबाई चुलीपाशी ऐकत होती. तिला पागाची फिकीर नव्हती. पाग गेला की हा माणूस नदीचे नावही घेणार नाही, आणि नदी सोडलेला श्रीपत कसा असतो ते ती दोन महिने बघत होती.

तिचा भाऊ नामा चौकाजवळच्या एका शेडमध्ये मऊ बाहुल्या बनवण्याच्या कामावर होता. तो म्हणाला, "दाजी, गळ टाका की. गळाला डावा हात पुरतो."

"आन् गळाला लावू काय? तुजी मिशी? जमीन दगड झालीय, गांडूळ मिळत नाय."

नामाने दुसऱ्या दिवशी डबाभर पांढरे दाट पाणी आणले. बाहुल्यांचे उरलेले दूधच म्हणा ना. ते तापवले की काचेसारखे होते आणि साच्यात ओतून निवले की मऊ, लवचीक. साचा तेवढा हवा होता. ठकूबाईने माळ्यावरून मला काढले. टाकवले नव्हते तिला. नामाच्या सांगण्यावरून तिने माझ्यातले कापड वेचले, मला दगडाने कुटले, आणि जुन्या तव्यावर रव्यासारखे भाजले. भाजता भाजता ती गुणगुणत होती:

हात मोडला धन्याचा, धीर मोडू नये बाई,
मोडलेल्या शेवग्याला फुटायाची किती घाई.

भाजलेल्या भुकटीत पाणी पडले आणि मी पुन्हा घट्ट होऊ लागलो. नामाने नदीवरून आणलेला एक मेलेला लहान मासा श्रीपतने माझ्या ओल्या अंगात दाबला. काढला तेव्हा त्याचा खवला न् खवला माझ्यात उमटला होता. काय माझे रूप सांगू, मित्रांनो! नामा म्हणाला, "याला काचेच्या कपाटात ठेवा." मला ते अगदी पटले.

माझ्यातून निघालेला पहिला प्लॅस्टिकचा मासा गळाला लावून श्रीपत तीन महिन्यांनी नदीवर गेला. सहा दिवस रोज गेला. मरळ वर येई, माशाकडे बघे आणि तोंड फिरवून निघून जाई. सहाव्या दिवशी त्याने घरी येऊन मला भिंतीवर भिरकावले. हा टवका तेव्हाचा.

"पाग घेऊन जाऊ दे कमळ्याला," तो म्हणाला. पौर्णिमा तीन दिवसांवर होती.

ठकूबाईने परातीत पाणी घेतले, त्यात तो प्लॅस्टिकचा मासा सोडला आणि दोऱ्याने ओढून पाहिला. मासा काडीसारखा सरळ गेला.

"मेल्या माशाचा ठसा घेतला तुमी," ती म्हणाली. "मग तो मेल्यावानीच पोहणार. मरळीला काय त्याच्या मयताला बोलावताय?"

श्रीपतला हसू आले. किती दिवसांनी आले म्हणून सांगू!

मग तिने मला मांडीवर घेतले. शेपटीच्या मुळाशी माझा खळगा खोल होता, तिथे उरलेल्या भुकटीचा लेप भरून तिने तो उथळ केला, म्हणजे माशाची शेपूट पातळ यावी. पुढे दाभणाने कोरून शेपटीला विळ्यासारखा बाक दिला. लेप घोटताना माझे अर्धे खवले बुजले. मी मनातून ओरडत होतो. तिने लक्ष दिले नाही. मला चुलीच्या वैलावर, म्हणजे शेजारच्या मंद आचेवर, दिवसभर सुकवले, कारण ओल राहिली की तापल्या रसात बुडबुडे येतात. मग तेलाचा हात फिरवून नवा मासा ओतला.

परातीत तो ओढला तर शेपूट अशी वळवळली की मांजर उठून उभे राहिले.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी श्रीपत डोहावर गेला. डाव्या हाताने त्याने दोरी फेकली आणि हळूहळू ओढू लागला. मी घरी होतो, पण त्याने ती गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली की मी तिथेच होतो असे मला वाटते. पाणी एकदा फुगले आणि दोरी ताठ झाली. आखडलेल्या कोपराला त्याने दोरीचा वेढा घातला. जे कोपर उघडत नव्हते ते तिथे आकड्यासारखे कामी आले. हातभर लांब मरळ काठावर आली.

दुसऱ्या दिवशी कमळ्या आला. दारातच त्याने मरळीचा वास घेतला आणि म्हणाला, "चला, मी हात हलवीत जातो."

"थांब रं," म्हणत श्रीपत उठला. त्याने स्वतः खुंटीवरून पाग काढला, झटकला आणि कमळ्याच्या खांद्यावर टाकला. "आदी सुटका म्हणून देत होतो. आता तुजा हात चांगला हाय म्हणून देतो."

त्यालाही आता दहा-बारा वर्षे होतील. माझ्यातून शेकडो मासे निघाले. खवले गेले त्याचे मला आता काही वाटत नाही. कपाटात राहिलो असतो तर सुंदर राहिलो असतो, एवढेच. मित्रांनो, मोडलेली वस्तू टाकण्याआधी एकदा मांडीवर घ्या, बोटाने चाचपून पहा. आणि माझ्यासारखी कुणी तुमच्याकडे असेल, तर तिला ओलीत ठेवू नका.

मलाही चांगली ऊब मिळते. आभाळ भरून आले की श्रीपतचे कोपर ठणकते. तेव्हा ठकूबाई मला वैलावर तापवते, फडक्यात गुंडाळते आणि त्याच्या कोपरावर ठेवते. तो हात मला ओळखतो. मीही तो धरून ठेवतो, पहिल्यासारखा.