हरणा वस्तीला आली

"सूनबाई, दिवा लागला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं न्हाई. माझा ल्योक कायमचा घरी येस्तोवर न्हाई."

लढाई लागली त्या सांजेला सासूबाईंनी, बनुबाईंनी, देवी यमाईपुढं हे बजावलं होतं. लढाई सरली, बनुबाईही देवाघरी गेल्या. नवरा मात्र अजून फौजेतच होता, म्हणून राहीबाईंनी नेम सोडला नव्हता. माहेरी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघायचा, पण मुक्काम पडेल म्हणून त्या तिकडंही फिरकल्या नाहीत.

त्या मंगळवारी त्यांच्या लेकीनं, अंजनानं, मैत्रिणींना वस्तीला बोलावलं ते हरणापायी. अर्जुना धनगराची मेंढरं खतासाठी राहीबाईंच्या विहिरीजवळच्या रानात बसली होती. तेवढ्या मुक्कामात त्याची पोर हरणा आणि अंजना एका ताटात जेवायला लागल्या होत्या. आता पहाटे कळप पुढं निघणार होता.

राहीबाईंचा यमाईचा उपास होता, तरी पोरींसाठी त्यांनी पिठलं-भाकरी केली, वर गुळाचा खडा दिला. जेवणं होऊन वाकळा अंथरल्या आणि भांडणं सुरू झाली.

"भिताडाकडं मी."

"तू न्हाई साळू, तू लाथा मारतीस."

"झोपल्यावर माझं पाय कुठं जात्यात, मला काय ठावं?" साळू म्हणाली आणि हरणाकडं वळून तिनं नाक मुरडलं. "हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतोय."

"आन तुझ्या अंगाला म्हशीचा. आमी काय बोललो का?"

सगळ्या खिदळल्या. हसता हसता साळूनंच सरकून तिला जागा दिली.

राहीबाईंनी देवीपुढच्या दिव्यात तेल घातलं, हात जोडले. वळून बघतात तर हरणा दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"काय गं बाळ? आईची सय आली?"

"न्हाई. कोकरू उपाशी आसंल."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कोकराची आई मेली होती. बोळ्यानं शेरडाचं दूध पाजावं लागे, आणि ते हरणाच्याच हातून प्यायचं. "बा म्हणला, जा तू बिनघोर, मी पाजतो. पर त्येच्याकडनं ते तोंड फिरवतंय. रातभर उपाशी ऱ्हायलं तर मरंल."

"मग तुला पोचवायला कुणाला तरी..." राहीबाई बोलता बोलता थांबल्या. शेजारचा नानासो पाळीचं पाणी द्यायला मळ्यात गेला होता. घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं.

"मी जाते एकटी." हरणा उठली आणि पुन्हा खाली बसली. "पर गेले की आय माघारी सोडायची न्हाई, काकी. मला हितं निजायचंय. मला कवा कुणी वस्तीला बोलवलंच न्हाई."

रडली नाही पोर. नुसती पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत राहिली.

"बस तू," राहीबाई म्हणाल्या. "मी घिऊन येते त्याला. हितंच पाज."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांची नजर दिव्याकडं गेली. अंजनाही आईकडं बघायला लागली. घरचा नेम तिला ठाऊक होता.

"आई, दिवा लागलाय," ती हळूच म्हणाली.

"व्हय गं. दिसतोय मला."

राहीबाई देवीपुढं उभ्या राहिल्या. नवरा कुठल्या मुलखात, कुणाच्या दारात असेल, त्याला कोण पाणी विचारत असेल, हे रोज याच जागी त्यांच्या मनात यायचं. आज आपल्याच दारात परक्याचं लेकरू बसलं होतं. त्या पुटपुटल्या, "आई यमाई, नेम तुझाच आन पावणी बी तूच धाडलीस. मी येस्तोवर माझ्या धन्याला तूच सांभाळ. काही चुकलं तर माझ्या पदरात घाल, त्याच्या नको."

हरणानं खांद्यावरचं आपलं छोटं घोंगडं काढलं. "हे पांघरून जावा काकी. वासावर येतंय ते."

"म्हंजी आता काकीला बी वास येणार," वाकळंखालून साळू म्हणाली.

"यिऊ दे," राहीबाई हसल्या. पदरावरून घोंगडं लपेटून त्यांनी खुंटीचा कंदील काढला. "अंजे, दार नुसतं लोटून घे. हिला एकटी सोडू नगंस."

उंबऱ्याला हात लावून तो त्यांनी कपाळी नेला, पाऊल बाहेर टाकलं, आणि कंदील खाली धरून त्या विहिरीच्या वाटेला लागल्या.